रीफ टाकी पुन्हा उभी करावी का? (गोवा, पाऊस तोंडावर)

खाजणकर

मंडळी, सल्ला हवा आहे. सांत्वन नको, ते नातेवाइकांकडून भरपूर झालं.

म्हापशाजवळ राहतो. चार फुटी रीफ टाकी, म्हणजे जिवंत कोरल आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण साडेचारशे लिटर पाणी. मेच्या अखेरीस पहिल्याच गडगडाटात आमच्या वाड्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. संध्याकाळी गेलेला करंट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इन्व्हर्टरने मध्यरात्रीच मान टाकली होती. उजाडताना पाणी ३१ अंशांवर, वर तवंग, आणि मासे, म्हणजे दोन्ही टँग आणि व्रास, शिवाय क्लीनर श्रिंप ही कोळंबी, सगळे मरून तळाला. दुपारपर्यंत मोठा लेदर कोरल विरघळायला लागला. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

वाचलं ते असं: एक क्लाउनफिश, मूठभर मशरूम, झोआंच्या दोन वसाहती (दोन्ही कोरलचेच मऊ भाऊबंद) आणि शंखांतले खेकडे. ते सगळे सध्या पर्वरीला मित्राच्या टाकीत पाहुणे म्हणून आहेत.

आता प्रश्न. टाकीतला खडक पुष्कळ आहे, तो टाकवत नाही. घरात एकाने सुचवलं की लग्नातल्या मोठ्या टोपात घालून उकळून काढ, सगळं मरेल, स्वच्छ होईल. करू का? टाकी लगेच भरू की पावसाळा जाऊ दे? आणि खरा प्रश्न हा की असल्या विजेवर, असल्या हवेत, गोव्यात हा उद्योग परत करावा का?

बांगडा_फ्राय

टँग खातात का हो?

खाजणकर

सासूबाईंनीही हेच विचारलं. पुढचा प्रतिसाद.

अबोली

खाजणकर, बाकी सगळं नंतर. खडक उकळू नका. तुम्ही झोआ होते म्हणताय, म्हणजे खडकावर झोआ किंवा त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआचे उरलेसुरले तुकडे असणारच. या जातींतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. आजवर माहीत असलेल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांपैकी ते एक आहे आणि उकळल्याने मरत नाही, उलट वाफेबरोबर हवेत येतं. असे खडक घरात उकळल्याने अख्खं कुटुंब इस्पितळात गेल्याची प्रकरणं परदेशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ताप, धाप, छाती भरून येणं, डोळ्यांची आग. उकळायचं नाही, प्रेशर वॉशरने मारायचं नाही, कोरड्या ब्रशने घासायचंही नाही. हात घालायचा तर हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल, आणि बोटाला चीर असेल तर त्या दिवशी राहू दे.

तो टोप लग्नालाच राहू द्या.

खाजणकर

अबोलीताई, देव बरें करूं. टोप शेजाऱ्यांकडून मागून आणलाही होता, आता परत करतो. मग खडकाचं काय?

अबोली

दोन वाटा आहेत.

पहिली: खडक खाऱ्या पाण्यात, झाकलेल्या पिंपात, अंधारात ठेवायचा. आत एक पंप फिरता. आठवड्याला पाणी बदलायचं आणि अमोनिया मोजायचा. आतली मेलेली जीवसृष्टी कुजून संपते, जीवाणू राहतात, आणि उजेड नसल्याने शेवाळ उपाशी मरतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर स्थिरावले की झालं. कधी महिना लागतो, कधी तीन.

दुसरी: ब्लीचमध्ये बुडवून सगळं मारायचं, मग धुवायचं, क्लोरीन काढणारं औषध घालायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. यात जीवाणूही जातात, म्हणजे पुन्हा शून्यापासून सायकल, अमोनिया पचवणारे जीवाणू नव्याने वाढवायचे. आणि जूनमध्ये तुम्ही कडक ऊन कुठून आणणार? आमच्या फोंड्यात तर गणपतीपर्यंत टॉवेल वाळत नाही. ब्लीचचं पाणी असताना त्यात ॲसिड कधीही ओतायचं नाही, क्लोरीन वायू होतो. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे न्हाणीघरात दोन्ही बाटल्या शेजारी असतात.

तुमच्या जागी मी पहिली वाट धरीन. खडकाने इतक्या वर्षांत फॉस्फेट शोषलेलं असेल ते पिंपातच बाहेर येऊ दे. पाणी बदलताना फॉस्फेटही मोजा.

पुणेरी_पाणी

मला कळत नाही चिलरवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, माणसं एवढा खर्च का करतात. माझ्या टाकीवर दोन साधे क्लिप पंखे आहेत, एप्रिलमध्येही पाणी २७ च्या वर जात नाही. खाजणकरांनी पंखे लावले असते तर पाणी तापलं नसतं.

वास्कोवाला

अहो, तो पंखा पुण्यात चालतो. इथे नाही.

हिशेब बघा. एक लिटर पाणी उडून जाताना चारशे लिटरच्या टाकीतून जवळजवळ दीड अंश उष्णता घेऊन जातं. पुण्याच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी, दिवसाला सहज चारपाच लिटर उडतात. आमच्याकडे मेअखेर हवा आधीच पाण्याने भरलेली. पंखा फिरतो, वारा लागतो, पण पाणी उडतच नाही, तर थंड कसं होणार? आणि करंट गेल्यावर पंखा काय आणि चिलर काय, दोन्ही भिंतीवरचं शोभेचं सामान.

खाजणकर, तुमचे मासे ३१ अंशांनी मेलेले नाहीत. ३१ अंश टँग काही तास सोसतो. ते गुदमरले. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांवर सव्वासहा. गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी. त्यात रात्र, म्हणजे शेवाळ आणि कोरलसुद्धा ऑक्सिजन खाणारे. पाणी हलत नाही म्हणजे वरून नवा येत नाही. एक मेलं की ते कुजताना उरलेला खातं. तवंग दिसला म्हणालात तोच पुरावा.

तुमच्या इन्व्हर्टरवर काय काय होतं?

खाजणकर

रिटर्न पंप (संपातलं पाणी वर चढवणारा), स्किमर (घाण फेसात काढणारा), दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारे पंप), चिलर. इलेक्ट्रिशियनने संपूर्ण बोर्डच इन्व्हर्टरवर टाकला होता, घरातले दोन पंखे धरून.

वास्कोवाला

तिथेच बारा वाजले. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड ॲसिडची निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो. चिलर सुरू असताना तीन-साडेतीनशे वॅट ओढतो, पंप आणि पंखे वेगळे. दोन तासांचा खेळ. त्याच बॅटरीवर फक्त एक १५ वॅटचा वेव्हमेकर, पृष्ठभागाकडे तोंड करून, ठेवला असता तर पूर्ण एक दिवस चालला असता.

२०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस काळोख. माझी टाकी तरली ती मासळीवाले आमिष जिवंत ठेवायला वापरतात तसल्या सेलवरच्या दोन हवापंपांवर. घरात बसून सेल बदलत होतो. बर्फाच्या बाटल्यांवर फार भरवसा ठेवू नका. दोन लिटरची गोठलेली बाटली चारशे लिटरला जेमतेम अर्धा अंश उतरवते, आणि करंट नसताना पुढची बाटली गोठवणार कुठे? आधी हवा, तापमान नंतर.

आणखी एक. कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल आणि करंट काही तासांनी आला, तर तो तसाच चालू करू नका. आत सडलेलं, ऑक्सिजन संपलेलं पाणी असतं. ते वाचलेल्या माशांवर सोडलं की उरलेही जातात. आधी फिल्टरचं पाणी गटारात.

पुणेरी_पाणी

हवेतल्या दमटपणाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे करंट जातो पण असा रात्रभर नाही. मागे घेतो.

रापणकार

मी म्हातारा माणूस, टाकीबिकी काही ठेवत नाही. नातवाने हा धागा वाचून दाखवला. एक साधा प्रश्न: दर्या दारात असताना तुम्ही लोक बाहेरून आणलेल्या पिशवीतलं मीठ घालून पाणी का करता? आगरवाड्याचं मीठ आहे, नेरूलचं आहे. ते घाला ना. आणि वाळू किनाऱ्यावर फुकट.

अबोली

काका, प्रश्न साधा नाही, फार चांगला आहे.

मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि त्यानंतर आपण खातो ते मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटपर्यंत त्या कडू पाण्यातच राहतात आणि आगरातून ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आगरवाड्याचं मीठ जेवणाला उत्तम, पण त्यातून समुद्र परत तयार होत नाही. कोरलला कॅल्शियम लिटरला सव्वाचारशे मिलिग्रॅम, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास लागतं. ते दोन्ही वाटेत गळलेलं असतं.

दर्याचं पाणी वापरता येतं, जगभर वापरतात, पण आपल्याकडे महिना बघून. जून ते सप्टेंबर मांडवी आणि झुवारी इतकं गोडं पाणी ओततात की किनाऱ्यालगतचा वरचा थर समुद्र म्हणायच्या लायकीचा राहत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस तर वेगळाच प्रकार. उथळ समुद्रात तळाचं पाणी ऑक्सिजनविना असतं, त्यात हायड्रोजन सल्फाइडही सापडलेला आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय. मेमध्ये किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते काकांना माहीत आहेच. उरले डिसेंबर ते मार्च, भरतीच्या वेळी, खडकाळ जागेवरून, नदीच्या तोंडापासून लांब. आणलेलं पाणी अंधारात दोन आठवडे ठेवून गाळायचं. चारशे लिटर खांद्यावर आणायचे हा प्रश्न वेगळा.

वाळूही नको. आपली बहुतेक वाळू सिलिकाची, आणि मिरामार-करंझाळेकडे तर काळे कण इतके की चुंबक फिरवला तर चिकटतात.

रापणकार

समजलं. कडू पाणी आम्ही लहानपणी पायाला लावायचो. त्याला एवढा अर्थ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

निळाई

सगळे तांत्रिक बोलतायत, मला मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. नको. परत करू नका. जिवंत कोरल बघायचे असतील तर ग्रँड आयलंडला डुबकी मारा, मालवणला जा. घरातल्या काचेत हजारो मैलांवरून आणलेले मासे, आणि एक ट्रान्सफॉर्मर गेला की सगळे खलास. यात त्या माशांचा काय दोष?

खाजणकर

निळाई, हे मी स्वतःला रोज विचारतोय. उत्तर नाही.

सत्तरीची_मास्तरीण

निळाईशी अर्धी सहमत. ग्रँड आयलंडला मी मुलांना घेऊन गेले आहे. तिथले पोरायटीस, टर्बिनेरिया हे कोरल गढूळ पाण्यात, दर पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा खात जगतात. ते बघितल्यावर आपल्या टाकीतले कोरल नाजूक वाटतात. पण म्हणून टाकी वाईट असं नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना कोरलचं ब्लीचिंग म्हणजे काय हे पुस्तकातून समजलं नाही. घरातल्या टाकीत हीटर अडकून पाणी तापलं आणि मशरूम पांढरे पडले, तेव्हा समजलं. कोरलच्या आत राहून त्याला पोसणारी सूक्ष्म शेवाळं बाहेर पडली, कोरल उपाशी राहिला, पण मेला नव्हता. काही आठवड्यांत रंग परत आला. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, हे पोरं आता कुणालाही सांगतात.

हजारो मैलांचा मुद्दा मात्र खरा. पण क्लाउनफिश आता आपल्या देशात पैदास होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय. मशरूम, झेनिया, झोआ एकमेकांच्या टाकीतून तुकडे घेऊन वाढवता येतात. समुद्राला हात न लावता एक साधी, छोटी टाकी होऊ शकते. टँग, अँथियस ठेवायचेच कशाला? टँगला चार फूट म्हणजे खोलीच आहे, समुद्र नाही.

वास्कोवाला

+१. आणि कायद्याचंही बोलून घेऊ, कारण इथे नवे लोक वाचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे कठीण कोरल, काळे कोरल, समुद्रपंखे, सगळे समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या टाकल्या. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून एक तुकडा खडकासकट उचलणं हा वाघाच्या यादीतला गुन्हा. टॉर्च आणि हॅमर नावाने विकतात ते कठीण कोरलांतच येतात, दुकानदार काहीही म्हणो. वर सगळे कठीण कोरल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीतही आहेत. लेदर, मशरूम, झोआ २००१ च्या त्या यादीत नव्हते, पण २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली आहे. घेण्याआधी वनखात्यात विचारून, बिल घेऊनच घ्या. 'ओळखीचा डायव्हर आणून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार.

निळाई

हे पहिल्यांदाच कुणीतरी स्पष्ट लिहिलं. पैदास केलेले मासे आणि वाटून घेतलेले तुकडे याला माझा विरोध नाही. टँग परत आणणार असाल तर आहे.

खाजणकर

टँग नाही. ते ठरलं.

आता वेळेचं सांगा. खडक पिंपात गेला आहे, अमोनिया अजून अंगावर येतोय. टाकी रिकामी, धुऊन ठेवली आहे. बायको म्हणते ती जागा बघवत नाही, एक तर भर नाहीतर काढून टाक.

वास्कोवाला

माझं मत सरळ आहे. गोव्यात टाकी डिसेंबरच्या हिशेबाने बांधतात आणि जूनमध्ये मारतात. डिसेंबरात हवा कोरडी, करंट टिकतो, सगळं आपोआप छान चालतं आणि माणसाला वाटतं जमलं. टाकी बांधायची ती मे-जूनच्या हिशेबाने.

म्हणून पावसाळा जाऊ देऊ नका, पावसाळ्यातच भरा. पण फक्त पाणी आणि खडक. मासा नाही, कोरल नाही. पंप, वेव्हमेकर, बॅटरी, सगळी जोडणी शेवटची हवी तशी करा आणि जून-जुलै करंट किती वेळा जातो, बॅटरी किती टिकते, पाणी किती तापतं हे नोंदवा. ट्रॉलर जूनजुलैत बंद असतात ना, तशी तुमचीही मासेबंदी. चवथीनंतर मासा.

सत्तरीची_मास्तरीण

वास्कोवाल्यांचा बेत आवडला, पण एक इशारा. रिकाम्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून बसू नका. दुसऱ्या टाकीत माणूस पहिल्याच्या धसक्याने अति स्वच्छता करतो आणि मग डायनो येतात. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे तपकिरी, शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे. दिवसा वाढतो, रात्री कमी होतो. शेवाळ समजून पाणी बदलत राहिलं की उलट फोफावतो, कारण त्याच्याशी स्पर्धा करणारे जीव उपाशी मरतात आणि जागा मोकळी होते.

शाळेचा सूक्ष्मदर्शक आहे तेव्हा माझ्याकडे लोक नमुने घेऊन येतात. डायनोंतला ऑस्ट्रिओप्सिस असला तर ओळखायला सोपा, थेंबाच्या आकाराचा आणि एका टोकाला बांधल्यासारखा गोल फिरतो. रात्री तो पाण्यात तरंगायला येतो, म्हणून त्यावर यूव्ही (अतिनील) दिवा चालतो. वाळूत चिकटून राहणाऱ्या जातींवर यूव्हीचा उपयोग नाही. दोन्हींत नायट्रेट लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅममध्ये धरून ठेवायचं आणि पाणी बदलणं थांबवायचं. धीर लागतो. मला दोन महिने लागले असं समजा.

अबोली

मिठाबद्दल राहिलं. पावसाळ्यात मिठाची पिशवी उघडी ठेवू नका. चार दिवसांत दगड होतो. तो फोडून वापरला तरी ओल लागल्याने कॅल्शियम आणि कार्बोनेट आतल्या आत एकमेकांना बिलगलेले असतात, पाणी दुधाळ होतं आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) जागेवर येत नाही. घट्ट झाकणाचा डबा, आणि लागेल तेवढंच आणा. चारशे लिटरला १५ किलोच्या आसपास जातं.

विहिरीचं पाणी आरओमधून काढत असाल तर पावसात बाव भरते, गाळ येतो आणि आरओचं मेम्ब्रेन लवकर संपतं. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर शून्य दाखवतोय ना, ते दर वेळी बघा. आणि मागच्या वर्षीचे टेस्ट किट फेका. तुमच्याकडे ते स्वयंपाकघराच्या कपाटात असणार, उन्हाळ्यात तिथे ३५ अंश असतात.

बांगडा_फ्राय

हा धागा वाचून भूक मेली. पण वाचनखूण साठवली आहे. माझा मुलगा गोड्या पाण्याचे गप्पी ठेवतो, त्याला सेलवरचा हवापंप आणून देतो.

खाजणकर

(काही महिन्यांनी)

मंडळी, चवथ झाली, तेव्हा हिशेब देतो.

टाकी तीच, पाणी कमी. मधे काच घालून चार फुटांची तीन फुटांची केली, उरलेल्या फुटात टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायचं, गोडं पाणी. वेगळी बॅटरी, तिच्यावर फक्त एक वेव्हमेकर आणि एक हवापंप, दुसरं काही जोडायचं नाही अशी चिठ्ठी बोर्डावर चिकटवली आहे. इलेक्ट्रिशियन तरी म्हणाला, "पंखा एक टाकू का?" त्याला चहा दिला आणि घालवला.

जूनमध्ये करंट कितीदा गेला ते लिहून ठेवायचं ठरवलं होतं, दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं. बॅटरी मात्र कधीच निम्म्याच्या खाली गेली नाही. जुलैत चिलर जवळजवळ चाललाच नाही, पाणी आपोआप २७ ला. म्हणजे वास्कोवाल्यांचं बरोबर, चिलरची खरी लढाई मे आणि ऑक्टोबरात, पावसात करंटची.

खडक पिंपातून काढायला जुलैची अखेर उजाडली. फॉस्फेट काही केल्या उतरत नव्हतं. टाकीत आल्यावर तपकिरी थर आला तेव्हा पोटात गोळा आला, पण मास्तरीणबाईंनी शाळेत बघून सांगितलं की साधे डायटम आहेत, नव्या टाकीत येतातच ते सूक्ष्म शेवाळ. ते गेलेही. आता थोडं हिरवं शेवाळ आहे. ते राहू दिलंय.

मशरूम परत आणले. क्लाउनफिश मित्राच्या टाकीत इतका रमला आहे की तो द्यायला तयार नाही. भांडण चालू आहे.

सत्तरीची_मास्तरीण

क्लाउन आणणार असाल तर नवीन मासा काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचं विसरू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा आत शिरला की मासे काढून टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. आणि तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच नाही, मशरूम आणि खेकडे पहिले जातील.

खाजणकर

मित्राच्या टाकीत तो रोग नाही, पण ठेवतो वेगळा. टब तयार आहे.

निळाई

टँग?

खाजणकर

नाही म्हटलं ना.

घाटावरून_खाली

नमस्कार, नवीन सभासद. मी काणकोणला नुकताच राहायला आलो आहे, ६० लिटरची टाकी सुरू करायची आहे. एवढ्या छोट्या टाकीला वरचा बॅटरीचा हिशेब लागू होतो का? की लहान टाकीला काहीच नको?

वास्कोवाला

उलट आहे. लहान टाकी लवकर तापते, लवकर गुदमरते, आणि पाणी उडून खारटपणा एका दिवसात हलतो. पण वीज कमी लागते. तीन वॅटचा यूएसबी हवापंप आणि एक मोठी पॉवर बँक, एवढ्यात तुमची रात्र निघते. पॉवर बँक भरलेली ठेवायची आणि घरच्या पोरांना मोबाइलसाठी द्यायची नाही. मशरूमचे तुकडे माझ्याकडे आहेत, वास्कोला येणं झालं तर झाकणाची बरणी घेऊन या.